दोष कुणाचा ते टेपने मोजा : अपघाताचा तपास करणाऱ्या अंमलदारांना खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्र पोलीस दलात रस्ते अपघातांचा तपास करणारे सर्व हवालदार, सहायक फौजदार आणि उपनिरीक्षक
(प्रत माहितीसाठी : मा. अपर पोलीस महासंचालक, वाहतूक)

साहेब,

मी मोटार अपघाताच्या दाव्यांत वकिली करते. बहुतेक वेळा मयताच्या घरच्यांकडून, अधूनमधून विमा कंपनीकडूनही. त्यामुळे तुमचे पंचनामे मी दोन्ही बाजूंनी वाचलेले आहेत आणि साक्षीच्या पिंजऱ्यात तुमच्यातल्या कित्येकांना 'डांबराची रुंदी किती होती?' असं विचारून घाम फोडला आहे. हे पत्र वरिष्ठांना लिहिण्याऐवजी तुम्हाला लिहिते, कारण अपघातात चूक कुणाची हे मोटार अपघात दावा न्यायाधिकरण ठरवतं ते कागदावर. प्रत्यक्षात त्यातलं निम्मंअधिक पहिल्या दोन-तीन तासांतच, रस्त्याच्या कडेला, तुमच्या हातून ठरून जातं. नंतर आम्ही वर्षानुवर्षं त्याच कागदावर भांडत राहतो.

एक वाक्य मला पाठ आहे, तुम्हालाही असणार. 'यातील मयताने आपल्या ताब्यातील मोटारसायकल हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगात, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून चालवून, स्वतःच्या मरणास कारणीभूत झाला वगैरे.' मोटारसायकलच्या जागी जीप येते, ट्रक येतो, बाकी वाक्य तेच. भरधाव म्हणजे किती, ते कुणी पाहिलं, कशावरून कळलं, याबद्दल पुढच्या चार पानांत अक्षर नसतं. तुमचा हाच शब्द ठाण्यातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून राज्याला आणि तिथून दिल्लीला जातो. केंद्राच्या २०२२ च्या अहवालात देशभरात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर मेली, आणि त्यांतल्या ७१ टक्क्यांहून जास्त मृत्यू 'अतिवेग' या रकान्यात पडले. वेगाने माणसं मरतात हे मी नाकारत नाही. पण या आकड्यातला किती वेग कुणी मोजला होता आणि किती नुसता लिहिला होता, ते तुम्ही आणि मी जाणतो.

रस्त्यावर दोष ठरवायचे दोन रिवाज आहेत. पहिला जमावाचा : मोठ्या गाडीचा दोष. ट्रक आणि दुचाकी असेल तर ट्रकचा, कार आणि सायकल असेल तर कारचा. दुसरा रिवाज ठाण्याचा, आणि त्याबद्दल उघडपणे कुणी बोलत नाही : मेलेल्याचा दोष. मयतावर गुन्हा दाखल केला की आरोपीच हयात नाही, म्हणून अबेटेड समरी, म्हणजे आरोपी मेल्याने तपास बंद केल्याचा अहवाल, कोर्टात जाते आणि फाइल मिटते. दोषारोपपत्र नको, साक्षीदारांचे समन्स नकोत, तारखांना हजर राहणं नको. तीन बंदोबस्त, दोन चोऱ्या आणि एक व्हीआयपी दौरा अंगावर असलेल्या माणसाला ही वाट का आवडते, हे मला कळतं. पण त्या वाटेच्या दुसऱ्या टोकाला काय होतं ते तुमच्यापर्यंत येत नाही, म्हणून सांगते.

हिशेबच मांडते. समजा ३२ वर्षांचा, महिना १५ हजार मिळवणारा गवंडी गेला. मागे बायको, दोन मुलं, आई. न्यायालयांनी ठरवून दिलेली पद्धत अशी : वय चाळिशीच्या आत आणि स्वतःचा धंदा, म्हणून भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के मिळवायचे, झाले २१ हजार. घरात चार जण अवलंबून, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चासाठी चौथा हिस्सा वजा, राहिले १५,७५०. वर्षाचे १,८९,०००, आणि त्या वयाला गुणक १६. म्हणजे ३०,२४,००० रुपये, वरची किरकोळ कलमं वेगळी. आता पंचनाम्यावरून न्यायाधिकरणाने म्हटलं की मयताचाही निम्मा दोष, तर १५,१२,००० गेले. सगळा दोष त्याचाच ठरला, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खालचा, दुसऱ्याचा दोष दाखवून करायचा दावाच कोसळतो. मग दोष सिद्ध न करता मिळणारे कलम १६४ चे ५ लाख, किंवा त्याच्या स्वतःच्या पॉलिसीत असला तर १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा, असे कोपरे धुंडाळत बसायचं. ज्याच्या दुचाकीचा विमाच संपलेला, त्याच्या बायकोने काय धुंडाळायचं?

'फिर्याद म्हणजे काही अंतिम पुरावा नव्हे', हे तुम्ही म्हणाल आणि ते खरं आहे. दाव्यात फौजदारी खटल्यासारखा काटेकोर पुरावा लागत नाही, काय घडलं असण्याची शक्यता जास्त ते पाहिलं जातं. चालक फौजदारी कोर्टातून सुटला तरी दावा मंजूर होतो. पण तुमच्या कागदाविरुद्ध उभं राहायला दुसरा कागद लागतो. मयत बोलत नाही, समोरचा चालक खरं बोलत नाही, आणि पाहणारा चहावाला चार वर्षांनी कोर्टात येत नाही.

उसाच्या गाळपाच्या हंगामाबद्दल जरा विस्ताराने लिहिते, कारण सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर, अहिल्यानगर या पट्ट्यात दर हिवाळ्यात तोच अपघात पुन्हा पुन्हा होतो आणि तोच पंचनामा पुन्हा पुन्हा लिहिला जातो. रात्रीची साडेआठ-नऊची वेळ. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागच्या ट्रॉलीचा टायर बसलेला. ड्रायव्हरने निम्मी ट्रॉली डांबरावर ठेवून चाकांना दगड लावले आणि तो पंक्चरवाल्याला आणायला गेला. मागच्या दिव्याची वायर मागच्या हंगामातच तुटलेली. रिफ्लेक्टर असलाच, तर बाहेर आलेल्या उसाखाली झाकलेला. समोरून येणाऱ्या गाडीचा अप्पर डोळ्यांवर, आणि एमआयडीसीतून शिफ्ट संपवून घरी निघालेला पोरगा सरळ त्या उसात घुसतो. पंचनामा म्हणतो : मयताने उभ्या ट्रॉलीस पाठीमागून धडक दिली.

दिली, खरंच आहे. पण हे काय घडलं त्याचं वर्णन झालं. का घडलं, ते अजून तपासायचंय. मागून धडकणाऱ्याने अंतर राखायचं असतं हा नियम आहेच. त्याच्या शेजारी मोटार वाहन कायद्याचं कलम १२२ सुद्धा आहे : इतरांना धोका होईल अशा ठिकाणी, अशा स्थितीत वाहन सोडून जायचं नाही. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयासमोर असंच प्रकरण होतं. रात्री रस्त्यात दिवे न लावता उभ्या असलेल्या गॅस टँकरवर कार आदळली. उच्च न्यायालयाने निम्मा दोष कारवाल्यावर टाकला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो काढला आणि सगळी जबाबदारी टँकरवर ठेवली.

मग अशा वेळी तुमच्या कागदात काय हवं? डांबराची एकूण रुंदी. त्यातलं किती ट्रॉलीने अडवलं होतं, फूट-इंचांत. साइडपट्टी होती का, ट्रॉली तिथे उतरवता आली असती का. मागचा दिवा : बल्ब आहे का, वायर जोडलेली आहे का. रिफ्लेक्टरचा फोटो त्याच रात्री, ट्रॉली हलवायच्या आधी, आणि एक फोटो मागे पन्नास पावलं जाऊन नुसत्या दुचाकीच्या उजेडात. ट्रॉली किती वेळ उभी होती, हे जवळच्या वस्तीवर विचारून. यातलं काहीच अवघड नाही. अवघड होतं ते दुसऱ्या दिवशी, कारण ठाण्याच्या आवारात आणलेल्या ट्रॉलीला कोरे करकरीत रिफ्लेक्टर चिकटलेले मी फोटोंत पाहिले आहेत, आणि मोटार वाहन निरीक्षक तपासणीला येतो तो त्यानंतर.

उलट बाजूही तेवढ्याच प्रामाणिकपणे मोजा. पोरगा दारू प्यायला होता का? 'तोंडाला उग्र वास येत होता' या वाक्यावर कुणाचे १५ लाख जाऊ नयेत आणि कुणाला मिळूही नयेत. नमुना पाठवा, १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम ही कायद्यातली मर्यादा आहे, त्याच्या वर की खाली ते कळेल. विमा कंपनीकडून उभी असताना मला हेच हवं असतं आणि तेव्हाही ते कागदात नसतं.

एक खूप जुनी गल्लत आहे, ती वकीलही करतात. नियम मोडणं वेगळं, अपघाताला कारण होणं वेगळं. दुचाकीवर तिघे होते म्हणून दोष आपोआप त्यांचा होत नाही. तिसरा बसल्यामुळे अपघात घडला असं दाखवावं लागतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं. लायसन नव्हतं एवढ्यावरूनही निष्काळजीपणा सिद्ध होत नाही, हे २००८ पासून ठरलेलं आहे. हेल्मेट नसल्याने डोकं फुटतं. त्यामुळे ट्रॅक्टर रस्त्यात उभा राहत नाही. दंडाची पावती वेगळी फाडा, खुशाल फाडा. कारणाच्या रकान्यात ती चिकटवू नका.

आता नकाशा. तुमचा कच्चा नकाशा म्हणजे दोन समांतर रेषा, दोन चौकोन, एक फुली आणि कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण. बाण मात्र कधी विसरत नाही! चौकोन दाखवतात ती गाड्या थांबल्याची जागा. धडक कुठे झाली ती जागा वेगळी असते, कधी पंधरा-वीस मीटर मागे. धडकेनंतर ट्रक डावीकडून उजवीकडे फेकला जातो, कार गिरकी घेते. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ च्या एका निकालात स्पष्ट म्हटलं आहे की अपघातानंतर गाड्या कुठे उभ्या होत्या, एवढ्यावरून निष्काळजीपणा कुणाचा ते सिद्ध होत नाही. तरी आजही 'ट्रक चुकीच्या बाजूला मिळून आला' या एका ओळीवर माणसं आरोपी होतात. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ३०४ अ मध्ये जास्तीत जास्त दोन वर्षं कैद होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(१) मध्ये पाच वर्षांपर्यंत आहेत. चुकीच्या चौकोनाची किंमत त्या ट्रकवाल्यालाही वाढली आहे.

धडकेची जागा रस्ता स्वतः सांगतो, फक्त लवकर विचारावं लागतं. काचांचा सडा जिथे दाट असतो तिथे बघा. गाडीच्या बुडातून सुटलेला मातीचा थर ठोकर बसताक्षणी खाली पडतो, तो ढिगासारखा दिसतो. वाकलेल्या लोखंडाने डांबरात ओरखडा किंवा खड्डा पडतो, तो ऑइलसारखा वाहून जात नाही. टायर घासल्याची खूण सरळ येते आणि अचानक वाकडी होते, तो वाकडेपणाही बरंच काही सांगतो. प्रत्येक खूण दोन पक्क्या गोष्टींपासून मोजा : किलोमीटरचा दगड, खांबाचा नंबर, पुलाचा कठडा. 'रस्त्याच्या मध्यापासून अंदाजे ५ फूट' यातला मध्य कुठला? पावसाळ्यानंतर पांढरी पट्टी दिसत नाही आणि रुंदीकरण झालं की मध्य सरकतो.

भरधाव लिहायची हौस असेल तर ब्रेकच्या खुणेची लांबी घ्या. कोरड्या डांबरावर सगळी चाकं जाम होऊन २० मीटर खूण उमटली, तर ब्रेक दाबताना वेग ढोबळमानाने ताशी ६० किलोमीटर होता. खूण संपते तिथे गाडी थांबली नसून धडकली असेल, तर त्याहून जास्त. एबीएस, म्हणजे चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, असलेल्या नव्या गाड्यांची खूण पुसट येते, म्हणून 'ब्रेकच्या खुणा मिळून आल्या नाहीत, सबब ब्रेक मारलाच नाही' असं लिहू नका.

आणि क्रेन. वाहतूक तुंबलेली, मागे अॅम्ब्युलन्स अडकलेली, वरून फोन. गाड्या हलवाव्या लागतात, त्याला कुणाची हरकत नाही. पण चाकांच्या चार जागा खडूने आखायला आणि मोबाइलवर आठ फोटो घ्यायला पाच मिनिटं लागतात. मयताला दवाखान्यात नेलं, गाड्या बाजूला घेतल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला पंच म्हणून जवळचा ढाबेवाला बोलावून 'सदर ठिकाणी अपघात झाल्याचे फिर्यादीने दाखविले' असा पंचनामा करायचा, ही पद्धत सोडा. तोच ढाबेवाला वर्षभर सगळ्या अपघातांना पंच असतो, तेही बघा एकदा.

चालवत कोण होतं हा प्रश्न वेगळाच. लायसन नसलेला भाचा उतरून जातो आणि लायसनवाला मामा ठाण्यात हजर होतो, ही गोष्ट खेड्यात घडते आणि मोठ्या शहरातही घडते. मे २०२४ च्या पुण्यातल्या कल्याणीनगर प्रकरणात घरच्या ड्रायव्हरला गुन्हा अंगावर घ्यायला लावल्याचा आरोप झाला आणि रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. खटल्याचं जे व्हायचं ते होईल. तुमच्या पातळीवर मात्र साध्या गोष्टी आहेत. आपल्या गाड्यांत चालकाचा सीटबेल्ट उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेकडे येतो आणि शेजारच्याचा डाव्या खांद्यावरून, त्यामुळे अंगावरचा वळ कुठल्या बाजूचा आहे ते डॉक्टरांना लिहायला सांगा. सीट किती मागे सरकवलेली आहे, त्या उंचीच्या माणसाचा पाय ब्रेकला पुरतो का, ते पाहा. फुटलेल्या एअरबॅगवर रक्त किंवा थुंकी असेल तर ती बॅग कापून जप्त करा. गाडी सुप्रतनाम्यावर मालकाच्या ताब्यात सुटली की हे सगळं गॅरेजच्या भंगारात जातं.

रस्त्याचा दोष लिहायला तर तुमचा हातच वळत नाही. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर कार अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले तेव्हा काय झालं ते आठवा. गाडी बनवणाऱ्या कंपनीने गाडीतली नोंद काढून दिली : धडकेच्या पाच सेकंद आधी ताशी १००, ब्रेक लागला, धडकताना ८९. मागे बसलेल्या दोघांनीही पट्टे लावलेले नव्हते, ते दोघेही गेले. आणि पुलाच्या रचनेतली चूक तज्ज्ञांनी दाखवली : तीन मार्गिकांचा रस्ता तिथे दोनवर येतो आणि कठडा अंगावर येतो. चालकाचा दोष, पट्ट्याचा दोष, पुलाचा दोष, तिन्ही वेगवेगळे मांडले गेले. तपास असा करता येतो, हे सिद्ध झालंय. महागड्या गाडीतल्या मोठ्या माणसासाठी सिद्ध झालं एवढंच. कायद्यात २०१९ पासून कलम १९८ अ आहे. रस्त्याची रचना, बांधकाम किंवा देखभाल निकषांप्रमाणे न केल्याने मृत्यू झाला, तर संबंधित यंत्रणेला, ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड. रक्कम हास्यास्पद आहे. तरीसुद्धा, खड्डा चुकवताना गेलेल्या बाईच्या नवऱ्यावर 'हयगयीने दुचाकी चालवून पत्नीच्या मरणास कारणीभूत' असा गुन्हा घालण्यापूर्वी त्या खड्ड्याची लांबी, रुंदी, खोली तरी पंचनाम्यात येऊ द्या.

माहितीसाठी प्रत ज्यांना पाठवली, त्यांना दोन ओळी. मा. महोदय, १ एप्रिल २०२२ पासून अपघाताच्या तपासाचे नवे नियम लागू आहेत. पहिला अहवाल ४८ तासांत न्यायाधिकरणाला, सविस्तर अहवाल ९० दिवसांत, घटनास्थळाचा नकाशा प्रमाणात काढलेला, फोटो आणि चित्रण सोबत. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कामासाठी ठाण्यांत, निदान शहर पातळीवर, खास पथक नेमायला सांगितलं. अपघातांची नोंद घ्यायचं केंद्राचं अॅप सुरुवातीला ज्या सहा राज्यांत आलं, त्यांत महाराष्ट्र होता. म्हणजे नियम आहे, आदेश आहे, अॅप आहे. हवालदाराच्या मोटारसायकलच्या डिकीत पन्नास मीटरचा टेप, बरा टॉर्च, खडू आणि रात्री अंगावर घालायचं चकाकणारं जाकीट आहे का, हे कुणी जाऊन पाहिलंय? रात्री दोनला हायवेवर मोजमाप घेताना तुमचाच माणूस मागून येणाऱ्या गाडीखाली जाईल, ही भीती खरी आहे. त्याला एकट्याला पाठवून 'प्रमाणात नकाशा काढ' म्हणू नका. आणि नकाशा प्रमाणात कसा काढायचा हे शिकवायला एखादा निवृत्त सर्व्हेअर प्रत्येक जिल्ह्यात मिळेल, भूमी अभिलेखच्या कचेरीत विचारा.

पुन्हा तुमच्याकडे येते, साहेब. त्या पहिल्या अहवालाची प्रत मयताच्या घरीही द्यायची असते, असं तेच नियम सांगतात. माझ्याकडे येणाऱ्या बायकांच्या पिशवीत मृत्यूचा दाखला असतो, पोस्टमार्टेमची झेरॉक्स असते, रेशनकार्ड असतं. हा अहवाल नसतो. त्यांना तो मिळायला हवा होता हेही त्यांना ठाऊक नसतं. प्रत दिलीत तर त्या वाचतील, किंवा कुणाकडून तरी वाचून घेतील, आणि 'ट्रॉलीला दिवा नव्हता हे यात का नाही?' असं नव्वद दिवसांच्या आत तुम्हाला येऊन विचारतील. तेव्हा ट्रॉली जागेवर असते, साक्षीदार गावात असतो आणि तुमचीही बदली झालेली नसते.

आपली,
जिल्हा न्यायालयात अपघाताचे दावे चालवणारी एक वकील